स्वस्तातला डबा, महागातला डबा

दुकानदारानं दोन्ही डबे माझ्या हातात दिले. "रविवारपर्यंत घरी वाजवून बघा. एक ठेवा, एक परत आणा. दोन्ही परत आणले तर मात्र पुन्हा दुकानात तोंड दाखवू नका." ओळखीचा होता, म्हणून एवढं तरी केलं.

गिटार आणि हेडफोन यांच्या मधे जोडायचा डबा म्हणजे मॉडेलर. मोठमोठ्या अँपचे, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेट्यांचे, आवाज त्यात भरलेले असतात. शेजाऱ्याला पत्ता लागू न देता आपण कानात धिंगाणा घालायचा. चिकलठाण्याकडच्या नव्या फ्लॅटात आल्यापासून मला त्याची निकड होती. भिंती अशा, की शेजारचा शिंकला तर आपण रुमाल शोधावा. स्वस्तातला डबा साबणाच्या वडीएवढा, प्लॅस्टिकचा. महागातला लोखंडी, जड, आणि त्याच्या किमतीत जुनी मोटारसायकल आली असती. अठराव्या वर्षापासून गिटार वाजवतोय मी. कारखान्यात दिवसभर प्रेसवर पत्रे ठोकायचे आणि घरी येऊन तासभर माणसात यायचं, एवढाच माझा शौक. तेवढ्यासाठी बायकोचं मन मोडून महागडा डबा घ्यायचा, तर फरक नक्की कळला पाहिजे ना!

आणि तो कळेना. बुधवारी दोन तास वाजवलं, काही नाही. मनात म्हटलं, थकलोय.

गुरुवारी घरात भडका उडाला. दुष्काळाचा उन्हाळा, नळाला पाणी नाही, टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. तो गल्लीत मागं येताना टीं-टीं वाजायचा, की सगळे ड्रम घेऊन खाली पळायचे. पहिली पाळी करून मी घरी होतो, म्हणजे लक्ष ठेवायचं काम माझं. बायको शिवणकामावरून आली तर ड्रम कोरडा.

"टँकर येऊन गेला! अख्खी गल्ली भरून घेती अन् तुम्ही कानात बोंडं घालून बसता व्हय?"

"हेडफोन कपाटावर होते!"

"मग काय डोळा लागला होता?"

"ओरडू नको माझ्यावर!" मीच ओरडलो. आईशप्पथ सांगतो, हेडफोन खरंच कपाटावर होते आणि मी टक्क जागा होतो. पण कोण मानणार? दोन दिवस शेजारणीच्या उसन्या बादल्यांवर काढले आणि आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

शनिवारी दुपारी मी हट्टालाच पेटलो. तिला बोलावलं. "मी भिंतीकडं तोंड करतो. तू वायर कधी ह्यात घाल, कधी त्यात. कुठला डबा आहे ते मी सांगतो." ती तोंड वाकडं करून बसली. मी तीच एक चाल पुन्हा पुन्हा वाजवली आणि ठोकून देत राहिलो. महागातला. महागातला. स्वस्तातला.

"चूक," ती म्हणायची. "चूक. आता बरोबर. पुन्हा चूक."

मी वैतागून म्हणालो, "तू मुद्दाम खोटं सांगतीस."

"आणा इकडं," म्हणून तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि पाठ फिरवली. हिला गिटारच्या तारा किती तेही ठाऊक नाही. मी वायर बदलत गेलो. ती एकदासुद्धा चुकली नाही. मी तर एकदा नुसतीच वायर घातली, तारेला बोटही लावलं नाही, तरी म्हणाली, "ह्यो स्वस्तातला."

"अगं, मी वाजवलं कुठं अजून?"

"वाजवायला कशाला पायजे? ह्याच्यात सारखी बारीक शिट्टी वाजती ना. लई कटकट करती."

"कुठली शिट्टी?"

मी हेडफोन ओढून घेतले. आवाज पूर्ण वाढवला. डोळे मिटले. शिट्टी नव्हती. मी हेडफोन कानावर इतके दाबले की कान दुखले. "नाही वाजत!" मी ओरडलो. "काही नाही ह्यात!"

तिनं उठून फोन घेतला, हेडफोनच्या भोकाशी धरून तो आवाज भरला आणि फोनच्या पडद्यावर हलणारी रेघ मला दाखवली. रेघ थरथरत होती.

गुरुवारी टँकरची टीं-टींही मला ऐकू आली नव्हती. चौदा वर्षं प्रेसवर. कंपनी कानात घालायचे बोळे द्यायची, दोरी लावलेले. आम्ही सगळे ते गळ्यात माळेसारखे अडकवायचो आणि साहेब फेरीला आला की तेवढ्यापुरते कानात. जो दिवसभर घालायचा, त्याला नवरीबाई म्हणून चिडवायचो. सगळ्यात जास्त चिडवणारा मीच. कान गेलेत हे घरात तरी कुणाला कळणार? आम्ही देवगाव रंगारीकडची माणसं, शिवारात ह्या बांधावरून त्या बांधावर हाका मारत वाढलेली. आमच्यात मोठ्यानं बोलणं म्हणजे साधं बोलणंच.

मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मग ती समोर येऊन बसली, माझा चेहरा आपल्याकडं वळवला आणि सावकाश म्हणाली, "दोन उन्हाळे झाले. मी मोठ्यानं बोलते तर तुम्हाला वाटतंय मी भांडते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर गिटार माळ्यावर टाकली असती तुम्ही."

मला रडू फुटलं. चांगला बाप्या माणूस, भर दुपारी फरशीवर बसून रडलो.

रविवारी मी म्हणालो, "स्वस्तातलाच ठेवू. मला काय, दोन्ही सारखेच."

"मला नायत सारखे," ती म्हणाली आणि तो प्लॅस्टिकचा डबा स्वतः पिशवीत घातला.

सोमवारी मी साहेबाकडं जाऊन कानाची तपासणी मागितली. आता बोळे दिवसभर घालतो. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. घरी हेडफोन लावत नाही, लोखंडी डबा छोट्या स्पीकरला जोडतो आणि ती घरात असेल तेव्हाच वाजवतो. शेजारी तक्रार घेऊन आले तर बेल तिला ऐकू येते. ती शिवत बसते, मी तिच्या समोर. वरच्या पट्टीत गेलो, की तारांकडं बघत नाही. तिच्या कपाळाला आठी पडते का, तेवढं बघतो.