ओठ तेलाकडे, पाठ रेतीकडे

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या समस्त मराठी जनांस कळवताना अंतःकरण जड होते की, माझ्या फोर-व्हील ट्रकच्या पुढच्या ॲक्सलचं सील पुन्हा गळू लागलं आहे. ट्रक धीराने उभा आहे. डॉक्टर अंकल मात्र आता वसईला असतात, त्यामुळे पुढच्या उपचारांबद्दल काही सांगता येत नाही.

अंकल खरे डॉक्टर नव्हते. ते एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये होते. पण कुणाच्याही गाडीखाली ओला डाग दिसला की ते त्यात बोट बुडवायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि नातेवाइकांना धीर देणाऱ्या आवाजात निदान सांगायचे. माझ्या बॉसच्या गाडीखालचा डागही त्यांनी असाच हुंगला. "एसीचं पाणी आहे. पेशंट ठणठणीत," म्हणाले आणि बोट बॉसच्याच रुमालाला पुसलं.

गॅरेजवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "मेकॅनिक 'यल्ला, खलास', म्हणजे चला, झालं, म्हणाला ना, की घरी येऊन बोल्ट मोजायचे," असं ते बजावत. ट्रक तेव्हा त्यांचाच होता, त्यामुळे त्याची सगळी कामं त्यांच्या घरामागच्या अंगणात, साग्रसंगीत. खाली जुनी चादर, बोल्ट त्यांच्या बायकोच्या, फिलू आंटीच्या, केकच्या डब्यात. "नाताळचा केक आता इंजिनवरच भाजा," आंटी आतून ओरडायच्या.

या सोहळ्याचा कळस म्हणजे सील बदलणं. चाक उतरवायचं, हब सोडवायचा, लांबलचक दांडा ओढून काढायचा आणि एवढ्या खटाटोपाच्या शेवटी हाती लागायची बांगडीएवढी रबरी कडी. तिच्या एका बाजूला पातळ ओठ असतो, तो आतलं तेल अडवतो. नवी कडी उंच धरून अंकल म्हणायचे, "ओठ तेलाकडे, पाठ रेतीकडे. उलटी बसवलीस तर ट्रक रडणार." मी टॉर्च धरून मान डोलवायचो. वाक्याचा उत्तरार्ध आंटी स्वयंपाकघरातून, त्यांच्या आधी पूर्ण करायच्या.

मग अंकल रिटायर झाले. व्हिसा संपत आला, वसईचं घर रंगवून तयार झालं, ट्रक मी घ्यायचं ठरलं. माझ्या नावावर व्हायचा तर पासिंग हवं, आणि नेमकं तेव्हाच पुढच्या चाकाच्या आतून तेल ओघळलं. "ट्रक तुझ्या नावावर झाल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही," अंकलनी घोषणा केली. नवं सील बसवलं, ट्रक नापास. पुन्हा नवं सील, पुन्हा नापास. तपासणाऱ्याने वाकून पाहिलं आणि "हबीबी, लीक," एवढंच म्हणाला. इतक्या प्रसन्न चेहऱ्याने नापास होणारा माणूस मी अंकलशिवाय दुसरा पाहिलेला नाही. "हल्ली सीलच डुप्लिकेट येतात," म्हणत अंकलनी तिकीट पुढे ढकललं.

घरात खोकी रचून ठेवलेली, पण ती काही वाढत नव्हती. "आंटी, पॅकिंग कुठवर आलं?" मी विचारायचो.

"काय सांगू तुला. कढई भरली आणि नेमकी कढईच लागली," आंटी म्हणायच्या. "परत काढली."

शेवटी मीच हट्ट धरला, की या खेपेला सील मी उघडून बघणार. ऐकताच अंकलची कंबर धरली. ते खुर्चीत बसून राहिले आणि मी घाम गाळत दांडा बाहेर ओढला. आत टॉर्च मारला, तर सीलचा ओठ थेट माझ्याकडे बघत होता. पाठ तेलाकडे.

आंटी चहा घेऊन आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांनीही आत डोकावून पाहिलं. ते वाक्य जन्मभर ऐकलेल्या बाईला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

अंकलनी चष्मा काढून पुसला. मग चष्म्यालाच सांगावं तसं म्हणाले, "वसईत गल्लोगल्ली खरे डॉक्टर आहेत. तिथे मला कोण विचारणार?"

आंटींनी ट्रे बॉनेटवर ठेवला. आता अंकलची धडगत नाही, म्हणून मी टॉर्च विझवला. आंटी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, मग आधी बोलायचं ना. मी कशाला रोज भरलेली खोकी परत रिकामी करत बसले?"