नाडा बांधलेली केळ

आमच्या सोसायटीच्या बागेत केळींना पत्र्याच्या पाट्या होत्या आणि त्यातली एकही खरी नव्हती. बाग लावणाऱ्या ठेकेदाराने सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याशा नर्सरीतून रोपं आणली, पाट्याही तिथूनच आणल्या आणि हाताला लागेल ती पाटी समोर दिसेल त्या झाडाशी खोचून टाकली. हडपसरच्या मंडईत कुठल्याही गाडीवर मिळतं, त्या लांब गुळगुळीत केळाच्या झाडापुढे 'वेलची' लिहिलेलं होतं. आणि मी माहेराहून आणलेल्या केळीपुढे 'लाल केळ'. तिने जन्मात कधी लाल फळ धरलेलं नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर तसं सविस्तर लिहिलं. बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला आणि एका गृहस्थांनी विचारलं, लाल केळी साधारण कधी पिकतील?

माझं माहेर मांजरीचं. घरामागे पाटाच्या कडेला केळीचं बेट होतं. त्या केळीला नाव नव्हतं, आम्ही तिला नुसतं 'घरची' म्हणायचो. फळ आखूड, जाड सालीचं, अंगावर धारा असलेलं, पिकलं तरी थोडं आंबट. पाहुण्यांना ते फारसं आवडायचं नाही आणि आम्हाला दुसरं कुठलं गोड लागायचं नाही. घरात रीत अशी होती की लेक लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आली की परत जाताना तिच्याबरोबर एक मुनवा द्यायचा. मुनवा म्हणजे मोठ्या केळीच्या बुडातून फुटणारं पिल्लू. आमची केळ बी धरत नाही, ती अशी पिल्लांतूनच पुढे जाते. म्हणजे आत्यांच्या दारची, माझ्या दारची आणि पाटाकडची, केळ एकच.

मुनवा हातात देताना आईने मला तो ओळखायलाही शिकवलं. बाजारच्या केळीच्या खोडावर काळे डाग असतात, आपल्या केळीचं खोड स्वच्छ. बाजारच्या पिल्लाच्या कोवळ्या पानावर तांबडे ठिपके पडतात, आपल्या नाही. बाजारच्या केळफुलाचं पातं उघडलं की मागे गुंडाळतं, आपलं ताठ उभं राहतं. आणि सगळ्यात खात्रीची खूण आईने शेवटी सांगितली. पानाच्या दांड्याला वरून पन्हाळीसारखी खाच असते, तिच्यात अंगठा घालायचा. "आपली असली तर अंगठा धरती बघ. दुसरी सोडून देती." आमच्या केळीच्या दांड्याच्या कडा आत वळलेल्या असतात, तेवढंच कारण. पण आईने ते असं सांगितलं की मी अजून कुठल्याही केळीजवळून अंगठा न घालता जाऊ शकत नाही. लोक बघतात. बघोत.

पुढे मांजरीची जमीन गेली. बेट होतं तिथे आता एका गृहप्रकल्पाचं प्रवेशद्वार आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुंडीत ताडासारखी कसली तरी परदेशी झाडं आहेत. आत्यांच्या केळी त्यांच्याबरोबरच गेल्या. उरली माझी एकटीची, आधी सासरच्या परसात आणि मग सोसायटीच्या भिंतीकडेला. आई मांजरीतच भावाकडे फ्लॅटमध्ये राहायला गेली. काचबिंदूने तिची नजर हळूहळू संपली. फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"केळ कशी हाय?"

"मी कशी आहे ते विचार की कधी."

"तू बोलतीयास म्हंजी बरीच असशील. केळीला कुठं बोलता येतंय?"

मला हसू यायचं आणि राग पण यायचा.

या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत बाग काढून पार्किंग करायचं ठरलं. मी एकटीने विरोध केला. चेअरमन अत्यंत आदराने म्हणाले, "आपल्या भावना समजतात, पण गाड्या कुठे लावायच्या तेही आपणच सांगा." मी घरी येऊन चुलतभावाला फोन लावला. चुलतभावाची कालव्याकडेला थोडी जागा अजून उरली आहे. तिथे मुनवे लावू म्हणाला, रविवारी पहार घेऊन येतो.

पण कुठले मुनवे? ठेकेदाराच्या केळी माझ्या केळीला इतक्या खेटून वाढल्या होत्या की सगळ्यांचं मिळून एक रान झालं होतं. माझ्या मोठ्या केळीचा घड नुकताच उतरवून तिला कापून टाकलं होतं, म्हणजे वर बघून काही कळायची सोय नाही. मी रोज सकाळी खुरपं घेऊन बसायचे. माती उकरून कुठलं पिल्लू कुठल्या कंदाला चिकटलंय ते बघायचं, पानं उलटसुलट करायची, खोड पुसायचं, अंगठा घालायचा. एवढं करून खात्रीचे निघाले चार. कमरेएवढे, तलवारीसारख्या पानांचे. हरवायला नकोत म्हणून देवघरातला लाल-पिवळा नाडा आणून चौघांना बांधला. पाट्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता.

शनिवारी भावाचा फोन आला, आईला सणकून ताप आलाय. मी मांजरीला गेले आणि तिथेच राहिले. सकाळी ताप उतरला. तिने विचारलं, "आज लावणार नव्हं?" मी म्हटलं, आज लावणार. खुशीत परत निघाले.

सोसायटीत शिरले तर हॉलमधून आरती ऐकू येत होती. पार्किंगचं काम सुरू करण्याआधी सत्यनारायण घातला होता. चौरंगाच्या चारही कोपऱ्यांना केळीचे खांब उभे केले होते. कमरेएवढे, तलवारीसारख्या पानांचे. त्यांच्यावर माझा नाडा तसाच होता, वर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

"अहो, या ना, तुमचीच वाट बघत होतो," चेअरमनबाई म्हणाल्या. "किती छान केलंत! माळी म्हणाला, मॅडमनी पूजेच्या केळी आधीच नाडा बांधून बाजूला काढून ठेवल्यात. इतकं रीतसर हल्ली कोण करतं?"

यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे पूजेसाठी झाड कापायचं तर आदल्या दिवशी त्याला नाडा बांधतात, कुंकू लावतात, तोडायची परवानगी मागतात. नाडा बांधलेले चार मुनवे आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. दुसऱ्या कुणी नाडा बांधला असता तर मीही विळा घेऊन तेच कापले असते. भांडायला माणूस तरी हवं होतं मला. मी हात पुढे करून प्रसाद घेतला. त्यात बाजारचं केळ होतं.

बागेत गेले तर बाकीच्या केळीही माळ्याने जमिनीबरोबर उतरवल्या होत्या. कंद मातीत होते, त्यातून परत फुटलं असतं. पण माझे कंद कुठले? वर पान नाही, दांडा नाही. सगळीकडे सारखेच पांढरे, पाणी गळणारे गोल काप. मी नुसती अंगठा दाबत बसले. चुलतभाऊ आला, त्याने मला उठवलं. दिवस मावळेपर्यंत निघाले तेवढे कंद त्याने उपसले, बाकीचे दुसऱ्या दिवशी जेसीबीने नेले.

कालव्याकडेला लावलेल्या कंदांपैकी एकच फुटला. पहिल्या रुंद पानावर तांबडे ठिपके दिसले तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी म्हणत राहिले, उन्हाने पडले असतील, पुढच्या पानाला नसतील. पुढच्या पानालाही होते. दांडे फुटले तेव्हा अंगठा घालून बघितला. नाही धरला. माझा अंगठा कशाला खरा मानायचा, आईचा खरा, असं म्हणून मी तिला रिक्षाने घेऊन गेले. तिला दिसत नाही, हेही माझ्या मनात होतं, ते का लपवू? ती हो म्हणाली असती तर मीही हो म्हणाले असते.

चुलतभावाने खुर्ची दिली. आईने केळीला हात लावला, खोड चाचपलं, एक दांडा धरून खाचेत अंगठा घातला. मग बाहेर काढला. पुन्हा घातला.

"ही बाजारची हाय," ती म्हणाली.

मी नाड्याचं, पूजेचं सगळं सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं. निघताना म्हणाली, "पानी घालत जा तिला. तिचा काय गुन्हा?"

मी जाते, पाणी घालते. केळ जोमात आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

फोन मी अजून रोज करते. आई आता केळीचं विचारत नाही. फोन उचलते आणि म्हणते, "तू कशी हायस?" हेच तिने विचारावं म्हणून इतकी वर्षं मी तिच्याशी भांडत होते. आता ते कानावर पडलं की माझ्याने बोलवत नाही.