पऱ्हाट्यांचा जाळ

भाऊ ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतला तो अंगानं धड. हातपाय जागेवर, त्यामुळे त्याला काही झालंय हे घरात कोणी मानायलाच तयार नव्हतं. दार आपटलं की तो भिंतीला चिकटे, बराच वेळ थरथरत राही. थोरले काका, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते म्हणायचे, "नाटकं शेतस बठ्ठी. लगीन करी टाका."

अमळनेरकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील मुलगा पाहायला येणार म्हणून आबांनी शेतात वांग्याच्या भरताचा बेत केला. मी भुसावळच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात जेमतेम बोलणारी. पण त्या सकाळी आबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आबा, वांगी घरीच निखाऱ्यावर भाजू. कपाशीच्या पऱ्हाट्या फार तडतडतात. भावाला सोसणार नाही."

"इंग्रजी शाळामा भरीत शिकाडतस का?" आबा म्हणाले. गडी हसले.

शेतात त्यांनी कापूस वेचल्यावर उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कमरेइतका ढीग पेटवला. मी वांग्यांना टोचे मारायला बसले, तर आबांनी वांग्यांची पाटीच ओढून घेतली. टोचलं की रस जातो, म्हणे. न टोचलेलं वांगं जाळात फुटतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पहिलं वांगं फुटलं तसा पाहुण्यांशी बोलत असलेला भाऊ जमिनीवर आडवा पडला आणि सरपटत बैलगाडीखाली गेला. दोन्ही हात डोक्यावर.

मुलीचे वडील उठून उभे राहिले. "असा कसा फौजी शे हाऊ?"

"निंघ बाहेर! बायकासारखा काय लपस?" आबा भावावर ओरडले, आणि त्याला धडा शिकवायचा म्हणून आणखी एक पेंढी जाळात टाकली.

मी विहिरीजवळची भरलेली बादली उचलून जाळावर ओतली. मग दुसरी. वांगी, राख, पाहुण्यांची धोतरं, सगळं भिजलं.

सोयरीक मोडली. आबांच्या पुतण्याला भित्रा म्हटलं असतं तर आबांचीच मान खाली गेली असती, म्हणून ते गावभर सांगत फिरले, की पोरीनं पाहुण्यांवर पाणी ओतलं म्हणून स्थळ गेलं. आई रडली, आता तुला कोण करून घेईल म्हणाली. मी आबांचं म्हणणं एकदाही खोडून काढलं नाही. त्यांच्याशी पुन्हा बोललेही नाही.