बंद टेबलाकडे जाणारी गाडी

आमच्या पिंपरीच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. त्यावर बातम्या नाही, चौकोन दिसायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरची एक चाचणी. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. आमचं सॉफ्टवेअर चाकणच्या एका गोदामात बिनड्रायव्हरच्या गाड्या चालवायचं. गाडी म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचा सपाट पलंगच, चाकं लावलेला. पाठीवर सुट्या भागांचे क्रेट घ्यायचे आणि एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जायचं, एवढंच तिचं काम. दर आठवड्याला आम्ही नवी आवृत्ती पाठवायचो. टीव्ही पूर्ण हिरवा झाल्याशिवाय पाठवायची नाही, असा नियम होता.

नियम चांगलाच होता. पाळायची रीत मात्र आमची होती.

एक चाचणी मधूनच लाल व्हायची. ती एवढंच बघायची की गाडीचं थांबवायचं बटण दाबून मग सोडलं, तर नवं काम येईपर्यंत गाडी जागची हलता कामा नये. कधी पास, कधी नापास. नापास झाली की शेजारी बसणारा मित्र मान न वळवता ओरडायचा, "भूत आलं रे!" मग कुणीतरी ती एकटी चाचणी पुन्हा चालवायचं. लगेच हिरवी. "गेलं भूत," तो म्हणायचा, "चला, चहा." आमच्यात हे इतकं मुरलं होतं की नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जायचं: भुताकडे बघायचं नाही, पुन्हा चालवायचं.

मला तो शब्द खुपायचा. काळेवाडीत आमच्या घरी कामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील ती कंपन्यांच्या गेटवर वाटायचे. अक्षरओळखही मला त्यांवरच झाली. मसुद्यात कुणी 'अपघात झाला' असं लिहिलं की वडील ते खोडायचे आणि वर लिहायचे, 'यंत्राचं संरक्षक गार्ड काढून ठेवलं होतं.' घरात भुताला जागा नव्हती. जे होतं ते कुणीतरी केलेलं असतं किंवा करायचं सोडलेलं असतं.

त्या दिवसांत मोठी आवृत्ती यायची होती. तोवर गाडी सुरू होताना गोगलगायीसारखी सरकायची आणि मग वेग घ्यायची. नव्या आवृत्तीत ती पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगाने निघणार होती. ग्राहकाला घाई होती, आम्हाला तर त्याहून. पाठवण्याआधी एकदा गोदाम बघून ये, असं मला सांगितलं. आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, म्हणून मी शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टला गेले.

दिवे नुकतेच लागले होते. सुट्टीनंतरच्या गोदामात एक वेगळाच गारवा असतो, लोखंडाचा. एक मावशी आत आल्या. चाकणजवळच्या गावच्या. घरची शेती दीर बघतो आणि त्या इथे भाग मोजून क्रेट भरतात, एवढं त्यांनी चालता चालता सांगितलं. हातात हळदकुंकवाची पुडी आणि उदबत्ती होती. बघते तर रांगेतल्या पहिल्या गाडीच्या पुढे लिंबू-मिरची टांगलेली, कपाळाच्या जागी जुन्या कुंकवाचे थर.

"ही काय भानगड मावशी?"

"भानगड न्हाई. हिच्यात काहीतरी हाय." त्यांनी आधी बटण दाबून गाडी थांबवली. चालत्या वस्तूची पूजा करू नये म्हणून. ते बटण वर ओढून सोडेपर्यंत दाबलेलंच राहतं. मग चाकापाशी उकिडवं बसून प्रत्येक चाकाला बोट लावलं. उदबत्ती ओवाळली. हात जोडले. एक हात चाकाजवळ टेकून उठता उठता दुसऱ्याने बटण सोडलं.

गाडीने डोळे उघडावेत तसे दिवे लावले. आणि हलली.

कुणी काम दिलं नव्हतं. माझ्या हातातल्या टॅबवर नव्या कामांची यादी रिकामी होती. तरी ती सरकली, तिची ती बारीक धून वाजवत, पाठीवर काहीही नसताना. मावशींनी हात काढून घेतला, घाईने नाही, सवयीने. गाडी भरलेली टेबलं ओलांडून पार शेवटच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक टेबल होतं, त्यावर प्लॅस्टिक अंथरलेलं. दिवाही काढून नेलेला. गाडी त्याच्यासमोर बरोबर जागेवर उभी राहिली आणि हिरवा दिवा मिचकावू लागली. माल घ्या, असं सांगायची तिची ती रीत. अंधाऱ्या कोपऱ्यात घ्यायला कुणी नव्हतं. ती मिचकावत राहिली.

आजही तो दिवा डोळ्यांसमोर येतो.

"कोण बसायचं तिथं?"

"व्हता एकजण. मराठवाड्याकडचा. गुणाचा पोरगा. ठेका संपला, दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवला त्याला. ते टेबलच बंद केलं." मावशी हळू आवाजात बोलत होत्या, गाडीला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "तवापासनं ही त्याला हुडकती. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी हमखास. आधी कवातरी हलायची, म्हून पूजा चालू केली. आता दर खेपेला जाती. म्हंजी मानवली न्हाई तिला."

"आणि तुम्ही तिच्या चाकापाशी बसता?"

"मग लांबून कुंकू फेकू व्हय? हळू निघती. हात काढता येतो."

हळू निघती. पुढच्या आठवड्यापासून ती हळू निघणार नव्हती. गाडीला समोरचा माणूस ओळखणारा डोळा होता, पण चाकाच्या बाजूला बसलेलं माणूस त्या डोळ्याला दिसत नव्हतं.

ऑफिसात परत आले आणि टीव्हीवर तोच चौकोन लाल होण्याची वाट बघत बसले. झाला. मित्राचा हात माउसकडे गेला.

"थांब. परत चालवायचं नाही."

"अगं भूत आहे ते, एका क्लिकचं काम."

"असू दे. त्याच्याआधी काय चाललं होतं ते बघू."

"तू ना, पत्रक काढ आता," तो म्हणाला. "'भूतमुक्त पिंपरी.'" पण खुर्ची ओढून बसला. दुपारभर आम्ही दोघांनी मागचं मागचं उलगडलं. ती चाचणी एकटी चालवली की नेहमी पास व्हायची. तिच्याआधी दुसरी एक विशिष्ट चाचणी गेलेली असेल तरच नापास. ती आधीची चाचणी गाडीला एक काम द्यायची आणि ते पुरं न करताच संपायची. अर्धवट काम मागे उरायचं. बटण दाबून सोडलं की गाडी सगळं विसरून नव्याने जागी व्हायची, आणि नवं काम हाताशी नसलं तर यादीच्या तळाशी उरलेलं ते काम उचलून निघायची. आम्ही 'परत चालव' म्हणायचो तेव्हा मागे काहीच उरलेलं नसायचं. म्हणून हिरवं.

गोदामातलं मी मित्राला सांगितलंच होतं. तो म्हणाला, "त्या टेबलाचं काम."

तेच होतं. त्या पोराला गेटवर थांबवलं त्या दिवशी त्याच्या टेबलाकडे जाणारं एक काम वाटेवर होतं. माल मिळाला म्हणून टेबलावरचं बटण दाबायला तिथे माणूस नाही, म्हणून ते काम कधी संपलंच नाही. टेबल बंद केलं, माणूस काढला, पण त्याच्या नावचं काम काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आठवडाभर नव्या कामांच्या रेट्यात ते दबून राहायचं. सुट्टीनंतरच्या सकाळी नव्या कामांची यादी रिकामी असायची आणि मावशी पूजेसाठी बटण दाबून सोडायच्या. गाडी शांत राहावी म्हणून केलेली पूजाच तिला उठवत होती. आणि ती उठल्याने पूजा वाढत होती.

आम्ही त्यांना हसू शकत नव्हतो. त्यांनी निदान भुताला कुंकू लावलं होतं. आम्ही त्याला हिरवा रंग दिला होता.

टीमच्या साहेबांना दाखवलं. ते वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. "हे गोदामवाल्यांच्या यादीचं झालं ना? जुनं काम त्यांनी पुसावं. आपलं हिरवं आहे. आवृत्ती जाऊ दे, पुढच्या खेपेत बघू."

"सर, आज एक काम उरलंय. उद्या दुसरं उरेल."

"तू शुक्रवारी चल माझ्याबरोबर. मी समजावतो त्यांना."

म्हणून पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं गोदामात होतो. नवी आवृत्ती त्या एकाच गाडीवर चढवली होती, दाखवण्यापुरती. मावशींना मी पूजा थांबवायला सांगितलं. त्या उदबत्ती धरून बाजूला उभ्या राहिल्या, नाराज. साहेब गोदामाच्या मॅनेजरला सांगत होते की सगळ्या चाचण्या पास आहेत, काळजीचं कारण नाही. बोलताना ते गाडीपासून चांगले चार हात लांब उभे होते.

"सर," मी म्हटलं, "मावशी बसतात तिथे बसा ना. चाकापाशी. मी बटण सोडते."

"हा काय पोरकटपणा?"

"हिरवं आहे ना सर?"

मॅनेजर हसला, गंमत म्हणून. साहेबही हसले. पँट वर ओढून अर्धे वाकले. मी बटण दाबून त्यावर हात ठेवला. ते तसेच वाकलेले राहिले, चाकाकडे बघत. चाकावर मागच्या आठवड्याचं कुंकू होतं. मग ते उठले आणि मागे झाले.

मी बटण सोडलं. धून वाजायला लागायच्या आत गाडी सुटलेली होती. वाऱ्याने उदबत्तीचा धूर मोडला. क्षणात ती कोपऱ्यातल्या काळोखात, प्लॅस्टिक घातलेल्या टेबलासमोर, दिवा मिचकावत उभी.

"या आठवड्यात नाही पाठवायचं," साहेब म्हणाले.

पुढचे काही आठवडे आमचा टीव्ही लाल होता. 'परत चालव'चं बटण साहेबांनी स्वतःच सगळ्यांसाठी बंद करून टाकलं. जी चाचणी लाल होईल तिचं कारण सापडेपर्यंत काही पाठवायचं नाही. पहिल्या आठवड्यात शिव्या मला आणि मित्राला बसल्या. आणखी भुतं निघाली, काही किरकोळ, एक चांगलंच दचकवणारं. गाडी जागी झाल्यावर माणसाने हो म्हटल्याशिवाय जुनं काम उचलणार नाही, असं आम्ही करून घेतलं. मग आवृत्ती गेली.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी एकटीच गेले. मावशींनी पुडी उघडली आणि थबकल्या.

"आता न्हाई जायची ना ती?"

"नाही जायची."

"न्हाई म्हंजी कसं? तुमी मागंबी सगळं बरोबर हाय म्हनत व्हताच की."

चाचण्या पास आहेत, हे वाक्य तोंडाशी आलं आणि परत गेलं. साहेबांना जे सांगितलं होतं ते आता मलाच करायचं होतं.

"थांबा, मी बसते," मी म्हटलं. "बटण तुम्ही सोडा."

चाकापाशी उकिडवी बसले. फरशी गार होती. जवळून चाक वाटतं त्याहून मोठं दिसतं. मावशींनी बटण दाबून सोडलं. दिवे लागले आणि गाडीच्या पोटात गुणगुण सुरू झाली, माझ्या गुडघ्यापाशी, एखादं जनावर झोपेत श्वास घेतं तशी. मी हात चाकाजवळ टेकवला आणि तिथेच ठेवला. चाक हललं नाही.

"बसा अजून थोडं," मावशी वरून म्हणाल्या.