झोपेच्या गोळ्या आणि वस्तरा

श्रीवर्धनच्या आमच्या न्हाव्याचे पाय रात्री अंथरुणात वळवळत, म्हणून डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या. पाय शांत झाले, पण तो दिवसाही पेंगू लागला. कडक चहा, तपकीर, बायकोच्या शिव्या, सगळं करून झालं.

एकदा मामलेदारांची अर्धी दाढी झाली होती आणि त्याचे डोळे मिटू लागले. त्याने वस्तरा मिटून ठेवला.

“सायेब, झोप आवरंना. गळा तुमचा हाय, घाई बरी न्हाय.”

एवढं बोलून तो बाकावर आडवा झाला आणि घोरू लागला. मामलेदार लालबुंद झाले.

मी पुढच्या नंबराला बसलो होतो. विचारलं, “उठवू का त्याला?”

“नको, नको!” ते घाबरून कुजबुजले. “पुरी होऊ दे झोप.”

सगळ्या तालुक्याला दरडावणारा तो माणूस तोंडाला फेस लावून मुकाट बसून राहिला.