उद्या प्रभुभोजन आहे

"उद्या प्रभुभोजन आहे. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही नाही ना?"

शनिवारची संध्याकाळ होती. मी कोळंबी सोलत बसले होते, तशाच हातांनी दार उघडलं तर समोर काका. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, चेहरा सरळ. चारच दिवसांपूर्वी आमच्या घाटकोपरच्या चर्चच्या कमिटीत आमची चांगली जुंपली होती. मी नवी सेक्रेटरी, ते सर्वांत जुने मेंबर. वेदीपुढचा लाकडी कठडा काढून जागा मोकळी करू या, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर त्यांनी टेबलावर असा हात आपटला की चहा बशीत सांडला.

"काही नाही हो काका. आत या ना."

"नक्की? असेल तर सांग, इथेच मिटवू."

"नाही म्हटलं ना!"

"मग झालं. कठड्याचं सोमवारी बोलू," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला वाटलं, म्हातारा वरमला. कसला वरमतोय! सोमवारी सकाळी फोन आला आणि भांडण जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. ज्याचं शेजाऱ्याशी वाकडं आहे त्याने आधी ते मिटवावं आणि मगच प्रभूच्या मेजापाशी यावं, असं आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकतो, मान डोलावतो आणि मागच्या बाकावरच्या जावेकडे न बघता पुढे जातो. काका मात्र ते अक्षरशः पाळायचे. आणि त्यांचं वाकडं पुष्कळांशी असल्यामुळे पहिला शनिवार त्यांना फार धावपळीचा जायचा. एक पंतनगरात, एक असल्फ्याला, खजिनदार विक्रोळीला. भांडकुदळ माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण भांडणाला महिन्यातून एक सुट्टी देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

काका जुने अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचे, नाशिककडचे. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही नगरकडचे, अमेरिकन मिशनच्या वळणाचे. त्यांच्याकडे कठड्यापाशी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचं, आमच्याकडे बाकावर बसून. काकांच्या तरुणपणी या सगळ्या मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांची चर्चं, एक झाल्या, पण सवयी काही एक झाल्या नाहीत. शेवटी तोड अशी निघाली, की सगळ्यांनी कठड्यापाशी यायचं. ज्याला वाटेल त्याने गुडघे टेकावे, ज्याला वाटेल त्याने उभं राहावं.

काका गुडघे टेकायचे. डॉक्टरने बजावलं होतं, तरी टेकायचे. खाली जाणं जमायचं, वर येणं जमायचं नाही. मी त्यांच्या शेजारी बसायचे, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. घास झाला, प्याला झाला, की खालून कुजबुज यायची, "उठव गं." मी त्यांच्या कोपराखाली हात घालून त्यांना उचलायचे. जो कठडा मी काढायला निघाले होते, त्याच्याशी दर महिन्याला अशी माझी गाठ पडायची.

त्यांच्या दुसऱ्या बाजूला सर असायचे. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेले, मुलुंडला राहणारे, आमच्याच नगरकडचे आणि काकांचे जन्माचे मित्र. सर कठड्यापाशी ताठ उभे राहून घ्यायचे.

"राजासमोर असा छाती काढून उभा राहशील का रे?" काका विचारायचे.

"तो राजा नाही, बाप आहे. बापासमोर कोण गुडघे टेकतं?"

"म्हणून तर तुझ्या पोरांना वळण नाही!"

हे चर्चच्या पायरीवर, वडापाव खाता खाता, वर्षानुवर्षं चालायचं.

आमची मंडळी एकत्र झाली, तरी जगभरच्या अँग्लिकन कुटुंबातली तिची जागा राहिली. त्या कुटुंबाच्या बातम्या काका मोबाईलवर बोट फिरवत वाचायचे. कुठल्या खंडातले बिशप काय म्हणाले हे ते चुलतभावांबद्दल बोलावं तसं सांगायचे. "आपल्यात मोठं भांडण लागलंय गं," असं ते एकदा इतक्या काळजीने म्हणाले, की मला वाटलं सुनेशी काही झालं. झालं होतं असं, की काही देशांच्या बिशपांनी दुसऱ्या देशांच्या बिशपांबरोबर एका मेजावर यायला नकार दिला होता. चर्चने कुणाकुणाची लग्नं लावावीत याबद्दल, बाईला बिशप करण्याबद्दल, कुणी कुणाचं ऐकायचं याबद्दल वाद होता.

"भांडा ना. दाबून भांडा," काका म्हणाले. "पण मेजावर येणार नाही म्हणजे काय? मत आपलं असतं. मेज काय आपलं आहे?"

मग ते भांडण आमच्याच दारात आलं. आमच्या चर्चला पाळक, म्हणजे पाद्री, म्हणून एक बाई येणार, असं ठरलं. कमिटीत काका विरोधात बोलले, सरही विरोधात बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालेलं बघून आम्ही गारच पडलो. तरी दोघे हरले आणि पाळकबाई आल्या.

पहिल्या शनिवारी काका त्यांच्या दारात हजर. पाळकबाईंनीच नंतर मला हसत हसत सांगितलं. काका म्हणाले, "चहा नको. मी तुमच्या विरोधात मत दिलंय, आणि ते बदललेलं नाही. पण उद्या तुमच्या हातून घ्यायचंय, म्हणून आलो."

"मग बिनसाखरेचा देते," बाई म्हणाल्या. काका बसले आणि दोन कप प्याले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंसमोर गुडघे टेकले. सरांनी ते पाहिलं आणि कठड्यापाशी न येताच ते चर्चमधून बाहेर पडले. अशाच कारणाने वेगळी झालेली काही माणसं अंधेरीला एका हॉलमध्ये जमायची, सर तिकडे जाऊ लागले. "तुला काही तत्त्वच नाही," एवढंच त्यांनी काकांना फोनवर सांगितलं.

काकांना ते फार लागलं. आपलं मत एकच, मग तो बाहेर आणि मी आत कसा, हे त्यांना सुटेना. सरांनी मत बदलावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की सरांनी एकदा पुन्हा कठड्यापाशी शेजारी येऊन उभं राहावं.

तेव्हापासून पहिल्या शनिवारी बाकीचे सगळे आटोपून काका बसने मुलुंडला जाऊ लागले. सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा मीही बरोबर गेले. सरांच्या बायकोने दार उघडलं आणि खाली बघत म्हणाली, "झोपलेत हो." संध्याकाळचे सहा वाजले होते आणि आत टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

काकांनी सेफ्टी डोअरच्या जाळीतून आवाज दिला, "उद्या प्रभुभोजन आहे रे! माझ्या मनात काही नाही. तुझ्या असेल तर सोमवारी फोन कर, भांडू!"

आत टीव्हीचा आवाज वाढला. वहिनींनी पाणी दिलं. उतरताना काका प्रत्येक मजल्यावर थांबत होते. मला सरांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. "कशाला येता हो दर वेळी?" मी म्हटलं.

"तो दार उघडत नाही हा त्याचा प्रश्न. मी आलो नाही तर तो माझा होईल."

मग काका आजारी पडले. आधी छातीत कफ, मग हॉस्पिटल. मी एका शनिवारी तिथे बसले होते, तेव्हा सर आले. स्टुलावर बसले. काकांनी डोळे उघडले.

"आज पहिला शनिवार आहे का गं?"

"नाही काका."

"मग हा कशाला आलाय?"

"बघायला आलो," सर म्हणाले.

"बघितलंस ना? मग आता सांग. गुडघे टेकायला तुझं काय जात होतं रे?"

सर उसळले, "तुझ्या गुडघ्यांची काय वाट लागली ती बघ आधी!" पुढे दोघे असे काही भांडले, की नर्स येऊन ओरडली. कितीतरी दिवसांनी काकांच्या तोंडावर रंग आला होता.

"राहू दे," धाप लागल्यावर ते म्हणाले. "उरलेलं पहिल्या शनिवारी."

सरांनी काकांच्या पायावरची चादर नीट केली आणि ते निघाले. त्याच आठवड्यात काका गेले. मातीच्या वेळी सर मागे झाडाखाली उभे होते आणि तिथूनच निघून गेले. मी मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने रडले, मला लाज वाटली नाही.

पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार आला. संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते आणि कान दाराकडे होते. बेल वाजणार नाही हे कळत होतं, तरी वाट बघत होते. आमच्यातलं कठड्याचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं, आणि आता ते करायला कुणी उरलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये गेले, तर व्हरांड्यात पाळकबाईंनी मला बाजूला घेतलं. "काल सर आले होते. दारातच उभे होते. म्हणाले, माझं मत तेच आहे."

"मग?"

"मग काय, बिनसाखरेचा दिला."

सर आले ते थेट काकांच्या जागेवर, माझ्या शेजारी बसले. आमची रांग उठली तशी आम्ही कठड्यापाशी गेलो. मी त्या दिवशी गुडघे टेकले. का ते विचारू नका, आमच्यात ती रीत नाही. सर ताठ उभे. पाळकबाईंनी भाकर दिली, ती त्यांनी घेतली. प्याला दिला, तोही घेतला.

मी उठले आणि सवयीने माझा हात शेजारच्या कोपराखाली गेला.

"मला कशाला उठवतेस?" सर कुजबुजले. "मी कुठे वाकलोय?"

पण जागेवर पोचेपर्यंत त्यांनी हात काही सोडवून घेतला नाही.