मनगटावरचं कुवेत

कुवेतमध्ये मंगफला आमच्या वरच्या मजल्यावर एक नाशिककर इंजिनिअर राहायचा. तो एकदा कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करून आला आणि वर्षभर त्याने आमचे सुट्टीचे शुक्रवार नासवले. दुपारची जेवणं झाली की सगळ्या बिऱ्हाडांना गोळा करून सीडी लावायचा. नारिंगी जॅकेटं, फेसाळतं पाणी, आणि ‘‘हा बघा, हा रॅपिड!’’ जशी काही नदी यानेच खणली होती. बायको मला दटावायची, ‘‘हळू बोला, ऐकू जाईल.’’ जाऊ दे की!

माझी मुलगी मात्र त्या टीव्हीसमोरून हलायची नाही. दहा वर्षांची, कुवेतमध्येच वाढलेली. नदीत तिने कधी पाय बुडवला नव्हता. मी तिला शब्द दिला, डिसेंबरच्या सुट्टीत तुला त्याच पाण्यात नेणार.

सुट्टीवर गेलो तरी माझं घड्याळ कुवेतच्याच वेळेवर असायचं. तीन आठवड्यांसाठी काटे काय फिरवायचे! अडीच तास मनात मिळवले की झालं. विमानातच घड्याळ बदलणाऱ्यांना मी बावळट म्हणायचो. कोलाडच्या मुक्कामी सकाळी बायको म्हणाली, ‘‘अहो, ऊन बघा किती चढलंय. आठला बोलावलंय ना?’’ मी मनगट तिच्या नाकासमोर धरलं. ‘‘सहा वाजतायत. चहा घे निवांत.’’

नदीवर पोचलो तर काठावर ओली जॅकेटं वाळत घातलेली. तिथला माणूस म्हणाला, ‘‘साहेब, धरणाचं पाणी सकाळी सोडतात, तेवढ्यातच बोटी जातात. आता उद्या या.’’ आमचं विमान त्याच रात्रीचं. पात्रात नुसते खडक आणि घोटाभर पाणी. चपला हातात घेऊन मुलगी त्यात उभी राहिली. अडीच तास मिळवायला मीच विसरलो होतो, पण तोंडसुख घेतलं त्या माणसावर, धरणावर, अख्ख्या देशावर.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी नाशिककराने सगळ्यांदेखत तिला विचारलं, ‘‘काय गं, कशी वाटली नदी?’’

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘‘सुपर, अंकल! वुई गॉट टोटली वेट. बाबा तर सगळ्यात पुढे बसले होते.’’

माझी लाज झाकायला पोर धडधडीत खोटं बोलली. आणि मी, थू माझ्या जिनगानीवर, ‘‘हो हो, अगदी पुढे!’’ म्हणालो.